स्टोतली चार बोटं हवा

सुनेच्या पदराने पेट घेतला तेव्हा माझे दोन्ही हात पुरणाने भरलेले होते. आधी फाट् असा आवाज झाला. मग स्टोच्या टाकीतून रॉकेलची चिळकांडी उडाली आणि वरच्यावर पेटली. ती ओरडली नाही. दोन्ही हात पुढे धरून नुसती उभी राहिली. ओरडत होते मी. ‘‘खाली पड, लोळ गं, लोळ!’’ आणि ती बया जागची हलायला तयार नाही. सण म्हणून अंगावर नायलॉनची साडी. सकाळीच म्हटलं होतं, स्टोपाशी काम आहे, सुती नेस. पण नवी साडी पाडव्याला नाही नेसायची तर कधी, असं तिचं म्हणणं.

खाटेवरची गोधडी ओढली, तिच्या अंगावर टाकली, तिला ढकलून जमिनीवर पाडलं आणि वरून मी पडले. माझे हात भाजताहेत हे मला कळलंच नाही. पुरण करपल्याचा वास तेवढा आला. शेजारच्या दोघी हंडे घेऊन धावत आल्या आणि त्यातल्या एकीने भस्सकन पाणी ओतलं, तेही सुनेवर नाही, स्टोवर. जळतं रॉकेल पाण्यावर तरंगत थेट माझ्या पायाशी आलं. इकडे गोधडीखाली एक जळतं माणूस दाबून धरलंय आणि तिकडे शेजारणीला शिव्या घालतेय, अशी माझी अवस्था. शेवटी कोणीतरी बाहेरच्या बांधकामावरची वाळू घमेल्याने आणून टाकली, तेव्हा आग विझली.

हे ऐंशीनंतरचं. नेमकं साल मला सांगता यायचं नाही. मालाड पूर्वेला, डोंगराच्या बाजूला आमची बैठी चाळ होती. एक खोली, तिच्याच कोपऱ्यात कडाप्प्याचा ओटा. नवरा वारलेला. मुलगा कांदिवलीला एका कारखान्यात होता आणि पाडव्यालाही ड्युटीवर गेला होता. सून आमच्याच कोकणातली, लग्नाला अजून वर्ष व्हायचं होतं. तिच्या माहेरी चूल. स्टो म्हणून काही असतो हे तिने ऐकलं होतं, पण त्याला हात लावला तो माझ्या घरी आल्यावर. बर्नरच्या भोकात पिन मारायला घाबरायची, पेटवायला घाबरायची. मी म्हणायचे, अगं तो चावत नाही. आता हे आठवलं की माझा मलाच राग येतो.

दोन रिक्षावाल्यांनी तिला बघून रिक्षा पुढे काढली. तिसरा थांबला. पालिकेच्या मोठ्या इस्पितळात नेलं. हात, गळा आणि छातीचा वरचा भाग भाजला होता. डॉक्टर म्हणाला, ‘‘आठ-दहा दिवस गेल्याशिवाय काही सांगता येणार नाही.’’ माझ्या हातांना मलम लावून पट्ट्या बांधल्या आणि मला बाहेर बसवलं. तासाभराने वही घेऊन एक हवालदार आला.

‘‘तुम्ही कोण?’’

‘‘सासू.’’

‘‘अस्सं,’’ तो म्हणाला आणि त्याने वहीचं पान उलटलं.

त्या काळात स्टो फुटला म्हटलं की लोक आधी सासूकडे बघत. बघत होते ते काही उगाच नाही. कितीतरी घरांत स्टो न फुटताच सुना जळत होत्या, ते काय मला माहीत नव्हतं? दुसऱ्या कोणाच्या घरी झालं असतं तर मीही सासूकडेच बघितलं असतं. पण या वेळी ती सासू मी होते.

हवालदाराने सुनेचा जबाब घ्यायला सुरुवात केली. मी तिच्या पायाशी उभी. मला बाहेर काढायला हवं होतं, पण त्याला सुचलं नाही आणि मलाही सुचलं नाही. तिला बोलता येत होतं, पण ओठ सुजलेले. तिने काय सांगावं? ‘‘माझंच चुकलं. आईंचं काही नाही. आई फार चांगल्या आहेत.’’

हवालदाराने पेन्सिल खाली ठेवली आणि माझ्याकडे वळून म्हणाला, ‘‘मावशी, इतकं भाजल्यावर पहिली आठवण सासूच्या चांगुलपणाची येते का हो?’’

त्या मुलीने मला आयुष्यात चांगली म्हटलं ते तेवढंच, आणि तेही नको तिथे. घरी कधी एका शब्दाने म्हणाली नव्हती. मी तिच्याकडे डोळे वटारले, तेही हवालदाराने बघितलं.

दुपारनंतर तिचा भाऊ आला, मुलुंडहून. तो तिथे एका कंपनीत होता. वॉर्डाच्या दारातूनच ओरडला, ‘‘काय केलात तुमी माझ्या बहिणीक?’’

‘‘आरडाओरडा करू नको, इस्पितळ आहे.’’

‘‘खरा सांगा! तुमी पेटवलात तिका!’’

‘‘मी पेटवलं तर हे काय मेंदी काढून बसलेय?’’ मी पट्ट्या बांधलेले हात त्याच्या तोंडासमोर धरले. पण भावाला हात दिसत नव्हते. तो तडक चौकीवर गेला आणि तक्रार देऊन आला.

दुसऱ्या दिवशी मला चौकीवर बोलावलं. मुलगा बरोबर होता. एक लांब बाकडं होतं, त्याच्या एका टोकाला मी आणि दुसऱ्या टोकाला सुनेचा भाऊ. टेबलावर आमचा स्टो, गोणपाटात गुंडाळून, त्याला चिठ्ठी बांधलेली. फौजदार माझ्या मुलापेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठा असेल. आवाज चढवत नव्हता, पण ऐकूनही घेत नव्हता.

‘‘काय झालं?’’

‘‘स्टो फुटला.’’

‘‘सगळ्या हेच सांगतात.’’

‘‘सगळ्या सांगतात म्हणून मी काय दुसरं सांगू?’’

मुलगा मध्येच बोलला. त्याला वाटलं आपण आईला मदत करतोय. ‘‘साहेब, आमचा स्टो एकदम व्यवस्थित होता. गेल्याच महिन्यात दुरुस्त करून आणलाय. झाकणाला नवा रबरी वायसर टाकलाय, पंपाचं चामडं नवं, सगळं नवं.’’

फौजदार म्हणाला, ‘‘म्हणजे स्टोत काही दोष नव्हता.’’

‘‘अजिबात नाही साहेब!’’

‘‘मग फुटला कसा?’’

मुलगा आता माझ्याकडे वळला. एवढा वाढवला, दोन वेळचं जेवू घातलं, दहावीपर्यंत शिकवला, आणि चौकीवर येऊन त्याने आईच्या पायाखालची जमीनच काढून घेतली. मी त्याला म्हटलं, ‘‘आता तू तोंड उघडू नको.’’

फौजदाराने मला सरळच सांगितलं. ‘‘बाई, ती गेली तर तुमच्यावर खुनाचा गुन्हा लागेल. वाचली तरी भावाची तक्रार आहे. नीट आठवून सांगा.’’

मला सुनेची काळजी होती की स्वतःची? दोन्हीची होती. ती गेली तर तिचा जीव जाणार आणि मी तुरुंगात जाणार. माझ्या डोक्यात दोन्ही गोष्टी एकत्रच होत्या आणि त्या वेगळ्या करत बसायला मला सवड नव्हती. मी म्हटलं, ‘‘साहेब, स्टोतलं मला कळत नाही आणि तुम्हालाही कळत नाही. ज्याने दुरुस्त केला त्याला बोलवा. तो बघून सांगेल.’’

‘‘तो काय सांगणार?’’

‘‘तुमच्यापेक्षा जास्त सांगेल.’’

हवालदार हसला. फौजदार हसला नाही, पण त्याने मान डोलावली.

स्टोवाला मालाड स्टेशनच्या बाहेर, भाजी मार्केटच्या भिंतीला टेकून बसायचा. घाटावरचा माणूस, पन्नाशीचा, नेहमी वैतागलेला. मुलगा म्हणाला, ‘‘आई, तो पोलिसांत कशाला येईल?’’ मी म्हटलं, ‘‘सांग त्याला, तुझ्या हातचा स्टो फुटला असं अख्खं मालाड बोलतंय. धावत येईल.’’ आणि खरंच आला. अर्ध्या तासात, हातात पत्र्याची पेटी, काखेत सायकलचा पंप. त्या पंपाने तो बर्नरमधला कचरा फुंकून काढायचा.

आल्या आल्या नमस्कार नाही, चमत्कार नाही. ‘‘कोण म्हणतं माझा स्टो फुटला?’’

फौजदाराने गोणपाट सोडलं. स्टोवाल्याने स्टो उचलून टेबलावर उभा ठेवला. तो उभा राहिना. इकडून तिकडे डुलायला लागला.

‘‘बघा,’’ स्टोवाला म्हणाला.

‘‘काय बघू?’’

‘‘याचं बूड फुगलंय. स्टोचं बूड आत गेलेलं असतं. हे बाहेर आलंय. आणि हे तोंडाचं झाकण बघा, वायसर फाटून बाहेर आलाय, आटे कापले गेलेत.’’ मग तो माझ्याकडे वळला. ‘‘बाई, काठापर्यंत भरला होता ना?’’

मी हातांच्या पट्ट्यांकडे बघितलं.

फौजदार म्हणाला, ‘‘काठापर्यंत भरला तर उलट चांगलंच. आत हवा राहिली नाही. फुटतो तो हवेने. भरलेला स्टो कशाला फुटेल?’’

भाऊ बाकड्यावरून म्हणाला, ‘‘तेच तर मी म्हणतंय!’’

स्टोवाल्याने फौजदाराकडे असं बघितलं की मला वाटलं आता हा आत जातोय. पण वर्दीचा मान राखून तो म्हणाला, ‘‘साहेब, तुम्ही शिकलेले. पण उलटं सांगताय.’’ आणि त्याने सायकलचा पंप हवालदाराच्या हातात दिला. ‘‘पुढच्या भोकावर अंगठा घट्ट धरा. आता दांडा दाबा.’’

हवालदाराने दाबला. दांडा अर्ध्यापर्यंत सहज गेला. सोडला तसा परत वर आला.

‘‘काय वाटलं?’’

‘‘गादीसारखं वाटलं. दबतं आणि परत येतं.’’

‘‘ती हवा. आता थांबा.’’ त्याने पंपाचं वरचं झाकण फिरवून काढलं, चौकीतल्या माठातलं पाणी नळीत ओतलं, दांडा परत बसवला, पंप उलटा करून राहिलेली हवा काढून टाकली. ‘‘परत अंगठा धरा. आता दाबा.’’

हवालदार धिप्पाड होता. त्याने दाबला. दांडा केसभर हलला नाही. त्याने जोर लावला. मग पंप पोटाशी धरून, दात खाऊन, सगळं अंग त्याच्यावर टाकलं. ‘‘भिंतीला ढकलल्यासारखं होतंय हो,’’ म्हणेपर्यंत अंगठा सटकला. पाण्याची धार सुटली ती फौजदाराच्या शर्टावर, तिथून माझ्या जबाबाच्या कागदावर. सुनेचा भाऊ फिस्सकन हसला आणि लगेच तोंड पाडून बसला.

‘‘तुम्हाला मी हळू म्हटलं होतं का?’’ फौजदार हवालदाराला म्हणाला.

‘‘साहेब, तुम्ही काहीच म्हटलं नव्हतं.’’

स्टोवाल्याने टेबलावरचा काचेचा पेपरवेट उचलून त्याच्यासमोर ठेवला. ‘‘आता हा दाबून बघायचाय का?’’

‘‘कळलं,’’ फौजदार रुमालाने शर्ट पुसत म्हणाला. मग थोडा वेळ कागद झटकत बसला आणि म्हणाला, ‘‘शाळेत होतं हे. हवेचे कण एकमेकांपासून लांब लांब असतात, मधे सगळी रिकामी जागा. दाबलं की जवळ येतात. पाण्याचे कण आधीच एकमेकांना टेकलेले. आणखी जवळ यायला जागाच नाही. घट्ट वस्तूचंही तसंच, तिथे तर ते जागाही सोडत नाहीत.’’

‘‘शाळेत होतं तर मघाशी का नाही आठवलं?’’ मी म्हटलं. 

मी चौथीपर्यंत शिकलेली. आमच्या शाळेत कण नव्हते. पण हे मला कळलं, आणि ते माझ्या खोलीवरून कळलं. गावी घरापुढच्या आमच्या खळ्यात हळदीकुंकवाला पंधरा बायका बसल्या तर ऐसपैस बसतात. सरका म्हटलं तर सरकतात, आणखी पंधरा आल्या तरी मावतात. त्याच पंधरा जणी मालाडच्या माझ्या खोलीत बसल्या की गुडघ्याला गुडघा. सोळावीला सरकून जागा द्या म्हणाल तर कोण कुठे सरकणार? एकमेकींशी जागा बदलायची, अंग वळवायची एवढीच सोय. आणि घट्ट वस्तू म्हणजे त्या बायका एकमेकींच्या हातात हात अडकवून बसल्या तर. मग वळताही येणार नाही. हवा म्हणजे खळं, रॉकेल म्हणजे माझी खोली. फरक बायकांत नाही, मधल्या जागेत आहे. फक्त हवेच्या बायका गप्प बसत नाहीत, सारख्या इकडून तिकडे धावतात आणि भिंतीवर आपटतात, असं फौजदार म्हणाला. त्या आपटण्यालाच दाब म्हणायचं. जागा कमी केली की जास्त वेळा आपटतात. ते मी मान्य केलं, कारण भरल्या घरात तसंच होतं.

आता स्टोवाला स्टोकडे वळला. ‘‘टाकीत चार बोटं हवा ठेवायची ती याच्यासाठी. पंप मारला की ती हवा दबते, रॉकेलवर बसते आणि त्याला हळूहळू वर ढकलते. वरचा बर्नर तापला की टाकीही थोडी तापते. रॉकेल तापलं की फुगतं. फार नाही, पण फुगतं. हवा असली तर ती आणखी दबते, रॉकेलला जागा देते. हवाच नाही ठेवली, तर फुगलेलं रॉकेल दाबणार कोणाला? पितळेला. पितळ सोसेल तेवढं सोसतं. मग बूड फुगतं, आणि मग जिथे कच्चं आहे तिथून, तोंडाच्या वायसरातून, सगळं बाहेर. समोर ज्योत असतेच.’’

भाऊ उठून उभा राहिला. ‘‘बूड आगीत फुगला असात! आग लागल्यावर!’’

‘‘आग लागली तेव्हा झाकण उडालेलं होतं,’’ स्टोवाला म्हणाला. ‘‘भोक पडलेला फुगा फुगवून दाखव मला. बूड फुगलं ते झाकण उडायच्या आधी. आणि कोणी डब्यातून रॉकेल अंगावर ओतलं असतं, तर स्टोचं बूड कशाला बाहेर आलं असतं? स्टो आहे तसा राहिला असता.’’

फौजदाराने हे लिहून घेतलं. मला वाटलं, सुटले. पण स्टोवाल्याचं अजून संपलं नव्हतं. हा माणूस एकदा बोलायला लागला की थांबत नसे. ‘‘आणि साहेब, काठापर्यंत भरलेला स्टो पंप मारताना पहिल्याच दट्ट्याला कडक लागतो. ज्याने पंप मारला त्याला कळलं असणार.’’

मला आठवलं. त्या सकाळी सून म्हणाली होती, ‘‘आई, पंप आज फार कडक लागतोय.’’ आणि मी पाठ न वळवता म्हटलं होतं, ‘‘जोर लाव, माहेरी जेवली नाहीस का?’’

फौजदाराने विचारलं, ‘‘काठापर्यंत कोणी भरला?’’

‘‘तिने,’’ मी म्हटलं.

‘‘तिला भरायला कोणी सांगितलं?’’

 मुलगा माझ्याकडे बघत होता. त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं, आई, आता गप्प बस. खोटं बोलणं सोपं होतं. सुनेनेच तर सांगून टाकलं होतं की तिचं चुकलं. पण ती आठ दिवसांत मेली असती तर तिचा शेवटचा जबाब खोटा, आणि तो मी वापरलेला. मला ते नको होतं.

‘‘मी सांगितलं,’’ मी म्हटलं.

भाऊ एकदम पुढे आला. हवालदाराने त्याला धरलं.

‘‘का?’’ फौजदाराने विचारलं.

‘‘सण होता म्हणून.’’

त्याला हे कळेना, तेव्हा मला सगळं सांगावं लागलं. माझ्या सासूची पद्धत होती. पाडव्याला घरातलं एकही भांडं अर्धं दिसता कामा नये. पाण्याची घागर, तांदळाचा डबा, तेलाची बरणी, मिठाचा वाडगा, सगळं काठोकाठ. वर्षाची सुरुवात रिकामी नको. मी तेच करत आले आणि सुनेलाही तेच सांगितलं. सकाळी तिने सगळं भरलं आणि मग हातात नरसाळं घेऊन विचारलं, ‘‘आई, स्टोपण भरू?’’ मी म्हटलं, ‘‘भर.’’ ती म्हणाली, ‘‘काठापर्यंत?’’ मी म्हटलं, ‘‘मग काय अर्धा? सण आहे.’’

‘‘आणि इतकी वर्षं तुम्ही पाडव्याला काय करत होता?’’ स्टोवाल्याने विचारलं. त्याला राग आला होता.

‘‘इतकी वर्षं स्टो मी भरत होते, मापाने. एक पितळी पेला होता, तेवढंच घालायचं. पाडव्याला भांडी भरायची तेव्हा स्टो माझ्या डोक्यातही यायचा नाही, तो आधीच पेल्याने भरलेला असायचा. त्या पेल्याने वर चार बोटं रिकामी राहायची. मला वाटायचं ती काटकसर. नवऱ्याने घालून दिलेलं माप होतं. का ते त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.’’

‘‘मी सांगितलं होतं. दुरुस्तीला आणलात तेव्हा सांगितलं होतं.’’

‘‘माझ्या मुलाला सांगितलं असशील.’’

सगळ्यांनी मुलाकडे बघितलं. मी आधीच सांगितलं होतं म्हणून त्याने तोंड उघडलं नाही.

त्याच दिवशी फौजदार इस्पितळात गेला. मला त्याने खालीच बसवून ठेवलं, भावालाही वर सोडलं नाही. काय झालं ते मला वॉर्डातल्या सिस्टरने नंतर सांगितलं. फौजदाराने सुनेला विचारलं नाही की कोणी पेटवलं. त्याने विचारलं, स्टो किती भरला होता? ती म्हणाली, काठापर्यंत. कोणी सांगितलं? ती म्हणाली, ‘‘माझं मीच.’’ त्याने सांगितलं, ‘‘सासू म्हणते, मी सांगितलं.’’ तर ही रडायला लागली आणि म्हणाली, ‘‘मग त्या म्हणतात ते खरं.’’ पंप कसा लागला? ‘‘कडक. आई म्हणाल्या जोर लाव.’’

असं माणूस बघितलं नाही मी. विचारलं तर आधी खोटं बोलणार, आणि ते खोटंही दुसऱ्याला वाचवायला. तिच्या त्या चांगुलपणाने मी आत गेले असते. पण दोघींचं जुळलं, आणि जुळवून सांगायला आम्हाला कोणी एकत्र सोडलेलं नव्हतं. बूड फुगलेला स्टो टेबलावर डुलत होताच. फौजदाराने अपघात असं लिहिलं.

भाऊ इस्पितळाच्या दारात भेटला. माफी वगैरे मागितली नाही, मी अपेक्षाही केली नव्हती. म्हणाला, ‘‘तुमका काय अक्कल नाय. स्टो कोण काठापर्यंत भरता?’’

‘‘तुझ्या मुलुंडच्या घरी किती भरता?’’

 दोन पावलं चालला, परत वळला आणि म्हणाला, ‘‘काठापर्यंत.’’

‘‘जा मग, आधी घरी जाऊन बायकोला सांग.’’

तो गेला, आणि मी वॉर्डाच्या बाहेर बसले. गुन्हा गेला म्हणून धोका गेला नव्हता. तिसऱ्या दिवशी तिला ताप भरला आणि ती असंबद्ध बोलायला लागली. डॉक्टर आधीसारखंच बोलायचा, आज काही सांगता येणार नाही. मी विचारायचं सोडलं. रोज सकाळी ड्रेसिंग बदलताना तिचा आवाज जिन्यापर्यंत यायचा. आग लागली तेव्हा ओरडली नाही ती आता ओरडत होती. सिस्टर म्हणाली, ओरडते आहे हे चांगलं. मी म्हटलं, मग ओरडू दे.

चाळीतल्या बायका रोज येऊन बसायच्या. कोणी म्हणे नजर लागली, कोणी म्हणे पाडव्याला नायलॉन नेसू नये. स्टो काठापर्यंत भरू नये असं एकीही म्हणेना. मी एकेकीच्या घरी जाऊन, पट्टीबंद हातांनी, त्यांच्या स्टोच्या झाकणाकडे बोट दाखवून सांगितलं. वर चार बोटं जागा ठेवा, हवा दबते, रॉकेल दबत नाही. काही जणींनी ऐकलं. एक म्हणाली, म्हातारी आपलं पाप झाकायला शास्त्र सांगतेय. तिचं खोटं नव्हतं. पाप होतं आणि शास्त्रही होतं.

दहाव्या-अकराव्या दिवशी ताप उतरला. गळ्याची कातडी ओढली गेली, डावा हात खांद्याच्या वर जात नाही. घरी आल्यावर तिने स्टोला हात लावला नाही आणि मी लावायला सांगितलं नाही. मुलाने गॅससाठी नंबर लावला, तो यायला आणखी काही वर्षं गेली. तोवर स्वयंपाक मी केला.

तिने मला चांगली म्हटलेलं परत कधी ऐकलं नाही. तेच बरं.

आग लागली तेव्हा खोलीत आम्ही दोघीच होतो, सून आणि मी. दोघी जगलो.